ब्याण्णव टक्के हजेरी

विद्यार्थिनीचे नाव: करिष्मा गोकुळ नारखेडे
वर्ग: बी. ए. भाग तीन, विषय भूगोल
गाव: धामणगाव बढे, तालुका मोताळा
हजेरी: ब्याण्णव टक्के
समस्येचे स्वरूप (एका ओळीत): आजी पडली.

इथपर्यंत माझं अक्षर चांगलं आहे. पुढचा चौकोन तळहाताएवढा आहे आणि त्यावर छापलंय, मार्गदर्शकाने केलेली उपाययोजना.

मार्गदर्शक म्हणजे मी. प्रतिमा, भूगोल विभाग, तासिका तत्त्वावर, हे अकरावं वर्ष. दर जुलैला मुलाखत, दर एप्रिलला निरोप, पुन्हा जुलैला मुलाखत. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजात प्रत्येक शिक्षकाला पंचवीस मुलं वाटून दिलेली असतात. त्यांना अडचणी विचारायच्या, सोडवायच्या आणि या नोंदवहीत लिहायच्या. बहुतेक जण कॉलेज तपासायला समिती यायच्या आधी आठवडाभर बसून वर्षभराच्या अडचणी एका दमात लिहून काढतात. दोन-तीन रंगांचे पेन वापरतात, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. मी तसं कधी केलं नाही. मी खरंच विचारायची. मागच्या महिन्यापर्यंत हे मी अभिमानानं सांगायची.

समिती तीन आठवड्यांनी येणार आहे. प्रत्येक मार्गदर्शकाकडून एक यशोगाथा हवी आहे. माझी कुठली द्यायची ते मला ठरवावं लागलं नाही. ऑफिसातल्या चिंतामणभाऊंनी हजेरीच्या याद्या चाळल्या आणि स्वतःच पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, ही पोरगी घ्या मॅडम, घरी आजारी माणूस, गाव एवढं लांब, घाट चढून यायचं, अन् हजेरी ब्याण्णव. समिती खूश होते अशानं.

तर.

केलेली उपाययोजना:
विद्यार्थिनीस वेळोवेळी समुपदेशन करण्यात आले व तिच्या कौटुंबिक परिस्थितीचा सहानुभूतीने

हे खोडलं.

केलेली उपाययोजना:
ऑगस्टमध्ये एक दिवस तास संपल्यावर ती बाकाशी थांबून राहिली. बाकीच्या मुली गेल्यावर पुढे आली. तिची आजी, सोजराबाई, न्हाणीत घसरून पडली होती आणि खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं पण उठणं नव्हतं. आई अंगणवाडीत मदतनीस, ती सकाळीच बाहेर पडते. वडिलांचं किराणा दुकान. मोठा भाऊ हर्षल इथेच बुलढाण्यात खोली करून पोलीस भरतीसाठी पळतो. मी विचारलं, मग आजीजवळ कोण. ती म्हणाली, मी. मी विचारलं, किती दिवस. ती म्हणाली, आजी उठेपर्यंत. आजी कधी उठेल हे मी विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मुलं अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की पाहतात.

मी म्हणाले, "तू आजीकडे बघ. हजेरीचं मी बघते."

हे वाक्य मी असं सुटं लिहिते आहे, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

ती म्हणाली, "मॅडम, तसं नाही..."

मी तिच्या खांद्यावर थोपटलं. संकोच करू नको म्हणाले. मला पुढच्या तासाला जायचं होतं. तिच्या 'तसं नाही'नंतर काय होतं ते मी ऐकलं नाही. मी दयाळू होते आणि घाईत होते.

चौकोन इथेच भरला. पुढचं मागच्या कोऱ्या पानावर.

मी असं का केलं, हे कुणी विचारणार नाही, नोंदवहीत तसा रकाना नाही. तरी. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात एकवीस दिवस होती. मी परतले त्या दिवशी सरांनी हजेरी घेताना माझं नाव वाचलं, चष्मा काढला आणि वर्गाला सांगितलं की आज आपल्याकडे पाहुण्या आल्या आहेत. वर्ग हसला. मी शिक्षक झाले तर असं वागणार नाही, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं. कसं वागणार, ते ठरवलं नाही. मला वाटलं उलटं केलं की झालं.

करिष्मा चांगली विद्यार्थिनी होती. 'होती' लिहिलं गेलं. पहिल्या वर्षाला समोच्च रेषा काढायला दिल्या की वर्गातल्या निम्म्या मुलांच्या रेषा एकमेकींना छेदायच्या. हिच्या रेषा कुठेही चिकटत नसत. एकदा नकाशा शिकवताना मी राजूरच्या घाटाजवळ बोट ठेवलं. रेषा तिथे अगदी दाट होतात. वर्ग गप्प होता. ती म्हणाली, मॅडम, इथंच आमच्या गाडीले पहिला गिअर टाकतेत. कागदावरची रेषा आणि खालचा रस्ता यांची गाठ घालणारा विद्यार्थी अकरा वर्षांत तीन-चारदा भेटतो. मी तिला एम. ए.चं बोलून ठेवलं होतं.

पालकांशी संपर्क (दिनांक व स्वरूप):
एकोणीस ऑगस्ट. दूरध्वनी.
मी तिच्या वडिलांना, गोकुळभाऊंना, फोन केला. आपण होऊन केला. मी म्हणाले, घरी अडचण आहे ते कळलं, काळजी करू नका, कॉलेजकडून काही त्रास होणार नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा आभार मानले. मग फोन आजीकडे दिला आणि आजीनं मला, माझ्या लेकरांना आणि माझ्या नवऱ्याच्या नोकरीला आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या नंबरवरून मला रोज सकाळी फुलांचं चित्र यायला लागलं.

समाधानाची गोष्ट अशी असते की ती रोज सकाळी फोनवर येते आणि आपण तिला पुन्हा तपासून पाहत नाही.

आता हजेरीचं सांगते, नाहीतर समितीला कळणार नाही. समितीला कळायला नकोच आहे, पण मला नीट लिहायची सवय आहे.

आमच्याकडे मुख्य विषयाच्या तासांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की दोन गोष्टी होतात. डिसेंबरमध्ये फलकावर यादी लागते. आणि घरी पत्र जातं. कॉलेजच्या शिक्क्याचं, रजिस्टर पोस्टानं. पालकांनी आठ दिवसांत समक्ष हजर व्हावे, अन्यथा परीक्षा अर्ज स्वीकारला जाणार नाही. पोस्टमन सही घ्यायला घरात येतो, म्हणून शेजारच्या चार घरांना कळतं. मग बाप स्वच्छ सदरा घालून येतो, प्राचार्यांच्या टेबलासमोर उभा राहतो, त्याला बसायला कुणी सांगत नाही. या पत्राविरुद्ध मी स्टाफरूममध्ये भांडले आहे. म्हटलं आहे की आपण शिक्षक आहोत, पोलीस ठाणं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

एकतीस हा करिष्माचा क्रमांक. हजेरी घेताना मी तीसला थांबायची, मग एकतीस म्हणायची, मग एक श्वासभर शांतता, मग मी हजेरीची खूण करायची. अधूनमधून एखादा दिवस मुद्दाम कोरा सोडायची, खरं वाटावं म्हणून. तेच ते आठ टक्के. वर्गाला माहीत होतं. एकदा मागून कुणीतरी बारीक आवाजात "यस मॅडम" म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. आमच्या वर्गात किती जिव्हाळा आहे, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

डिसेंबरमध्ये ती एक दिवस आली. परीक्षेचा अर्ज भरायला. यादी नुकतीच लागली होती आणि ती फलकासमोर उभी होती. बराच वेळ. मी मागून जाऊन म्हणाले, शोधू नकोस, तुझं नाव नाही त्यात. ती म्हणाली, पाह्यलं. मग थोड्या वेळानं, फलकाकडे बघतच म्हणाली, "मॅडम, मले गैरहजर लावता येईन का?"

मी हसले. मला वाटलं, पोरीच्या मनाला लागतंय. प्रामाणिक मुलींना लागतं. मी तिला सांगितलं की तू काही चोरी केलेली नाहीस, सेवा करते आहेस, आणि मनाला टोचणी लावून घेऊ नकोस. तिनं मान हलवली. मग प्रात्यक्षिक वहीत कुठले नकाशे राहिलेत ते विचारलं. मी झेरॉक्स काढून दिल्या. बस चुकू नये म्हणून मीच तिला लवकर पाठवलं.

जानेवारीपासून मी तिला टिपणं पाठवायला लागले. वर्गात शिकवलेलं सगळं, फोटो काढून, त्याच नंबरवर, कारण तिनं दुसरा दिलाच नव्हता. दोन निळ्या खुणा यायच्या. मला वाटायचं, वाचते आहे.

फलनिष्पत्ती:

हा चौकोन सगळ्यात मोठा आहे. तो तसाच राहू दे.

मार्च, मंगळवार. प्रात्यक्षिक परीक्षेचा पहिला दिवस. बाहेरगावच्या कॉलेजातले परीक्षक आले होते. टेबलं लावली होती, नकाशे पसरले होते, दयाराम प्रत्येकापुढे होकायंत्र ठेवत होता. तो आमचा प्रयोगशाळा परिचर, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. परीक्षकांनी क्रमांक पुकारायला सुरुवात केली. एकतीस. पुन्हा एकतीस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन उचललं होतं, हात सवयीनं हलला होता, पण ती माझी हजेरी नव्हती.

त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, ब्याण्णव टक्के हजेरी आणि आज नाही, काही आजारपण वगैरे आहे का बघा.

मी बाहेर जाऊन फोन लावला. गोकुळभाऊ म्हणाले, आज आईला डॉक्टरकडे दाखवायचं होतं, जमलं नाही, तुम्ही पाहून घ्या मॅडम. मी म्हणाले, भाऊ, ही परीक्षा आहे. ते म्हणाले, हाव ना, म्हणून तर तुमाले म्हणून राह्यलो.

परीक्षक भला माणूस. म्हणाले, उद्याच्या बॅचमध्ये बसवू, अकराला येऊ द्या, एक वाजेपर्यंत मी थांबतो. मी परीक्षा संपताच अडीचच्या गाडीनं निघाले.

गृहभेट (असल्यास):
घाट उतरला, मोताळा गेलं, धामणगाव आलं. दुकान स्टँडपासून जवळच आहे आणि दुकानाच्या मागे घर. पुढच्या खोलीत खाटेवर आजी. मी दारात थांबले, कारण ती खोली मला आधी नीट बघावीशी वाटली. चादर पांढरी आणि ताणलेली. आजीचे केस विंचरून, तेल लावून, घट्ट वेणी घातलेली. खाटेखाली भांडं घासून पालथं घातलेलं. वास नाही, फिनाइलचाही नाही. सात महिने खाटेवर पडून असलेल्या म्हातारीच्या पाठीला एक जखम झालेली नव्हती. हे मला आजीनंच सांगितलं, पदर सरकवून दाखवलंही. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय असं होत नाही. माझ्या आईच्या वेळी आम्हाला ते जमलं नव्हतं.

"या मास्तरीणबाई," आजी म्हणाली. "तुमीच का त्या हजेरीवाल्या? माह्या नातीले तुमी घरबसल्या शाळा शिकवली. असं नशीब आमच्या वेळेले असतं तर मी बी कलेक्टर झाली असती खाटेवर."

स्वतःच्या विनोदावर ती खूप हसली. करिष्मा चहा घेऊन आली, माझ्या हातात कप दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बारीक झाली होती. मी तिच्या वह्या-पुस्तकांची खूण शोधत खोलीभर बघत होते. कपाटावर प्रात्यक्षिक वही होती. झेरॉक्स तिच्यात तशाच घडी घालून ठेवलेल्या.

मी गोकुळभाऊंना उद्याचं सांगितलं. अकरा वाजता. परीक्षक बाहेरचे, गुण ते देणार, माझ्या हातात काही नाही.

ते शांतपणे ऐकत होते. आदरानं ऐकत होते, हेच वाईट. मग म्हणाले की एवढं वर्षभर सांभाळलं तर उद्याचंही सांभाळून घ्या, तुमच्या मनात असलं की होते. आणि मला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट सांगितली. गावातल्या ज्ञानेश्वरची पोरगी प्रेरणा माझ्याच वर्गात आहे. तिची हजेरी कमी पडली, घरी पत्र आलं. आळीभर झालं. ज्ञानेश्वर दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला जाऊन हात जोडून आला. तेव्हापासून रोज सकाळी सोंगणी असो, मळणी असो, हातातलं टाकून पोरीला गाडीवर बसवून स्टँडवर सोडतो आणि बस हलेपर्यंत तिथून हलत नाही. हे सांगताना गोकुळभाऊ हसत होते.

"आपल्यावर तशी नौबत नाही आली," ते म्हणाले. "मी सांगत असतो चार लोकात. आमच्या मॅडम तशा नाहीत."

खिशातला फोन काढून त्यांनी माझी टिपणंही दाखवली. सगळी जपून ठेवली होती. हा फोन दुकानातला होता. घरात दुसरा नव्हता. निळ्या खुणा गोकुळभाऊंच्या होत्या. येणारं प्रत्येक पान ते उघडून बघत, अक्षर किती सुंदर आहे असं म्हणत आणि गिऱ्हाइकाला साखर बांधून देत. करिष्माला कधी दाखवली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, दाखवली ना, दोनदा.

मला पोचवायला करिष्मा स्टँडपर्यंत आली. स्टँडवर बाकाला टेकून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मले गैरहजर काऊन नाही लावलं?"

रागानं नाही. एखादं उदाहरण सोडवताना कुठे चुकलं ते विचारावं तसं.

मी म्हणाले, तुझं नुकसान होऊ नये म्हणून. ती म्हणाली, ऑगस्टमध्ये मी तेच सांगाले थांबली होती. मग थांबत थांबत बोलली.

"मी बाबाले सांगून ठेवलं होतं, गैरहजर राह्यली तर कॉलेजवाले पत्र पाठवतीन. बाबा भेले होते. दादाले म्हने बोलावून घेऊ, एक दिवस तो पाहीन, एक दिवस तू. दादानं बॅग बी भरली होती." ती रस्त्याकडे बघत होती. "मंग तुमचा फोन आला."

एसटी येऊन उभी राहिली. मी चढले नाही. तिला म्हणाले चल, आत्ता बोलते मी त्यांच्याशी. ती म्हणाली, राहू द्या मॅडम. मी ऐकलं नाही. पुन्हा एकदा ऐकलं नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यासमोर मोठ्या आवाजात सांगितलं की उद्या करिष्मा आली नाही तर ती नापास होईल, वर्ष जाईल, मी काहीही करणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा पालकाशी अशी बोलले. गोकुळभाऊ माझ्याकडे कौतुकानं बघत होते, लहान मूल मोठ्या माणसाची नक्कल करतं तेव्हा बघतात तसं. म्हणाले, पाठवतो ना मॅडम, सकाळच्या गाडीनं पाठवतो, तुम्ही पाणी घ्या. मी सात महिने खपून त्यांना शिकवलं होतं की माझ्या 'झालंच पाहिजे'ला काही अर्थ नसतो. ते चांगले विद्यार्थी निघाले.

बुधवार. साडेनऊच्या गाडीतून प्रेरणा उतरली. एकटी. करिष्मा स्टँडवर दिसली नाही, म्हणाली. साडेदहाच्या गाडीला मी स्वतः बुलढाणा स्टँडवर जाऊन उभी राहिले. अकराला परीक्षा सुरू झाली. खिडकीपाशी एक टेबल रिकामं. दयारामनं त्यावर नकाशा पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती, पंख्यानं उडू नये म्हणून. बाराला मी फोन लावला, उचलला नाही. एक वाजला. मी परीक्षकांना अर्धा तास आणखी मागितला. त्यांनी दिला. दीड वाजता त्यांनी एकतीसच्या समोर गैरहजर लिहिलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझी सही त्यांच्या सहीखाली आहे.

जाताना म्हणाले, एवढी काळजी करणारे शिक्षक आता राहिले नाहीत. हे त्यांनी मनापासून म्हटलं.

महाविद्यालय प्रशासनाचे सहकार्य:
संपूर्ण.
गुरुवारी मी प्राचार्यांकडे गेले. उभ्याउभ्या सांगितलं की तृतीय वर्षाच्या हजेरीत क्रमांक एकतीस माझ्या हातानं खोटा लिहिलेला आहे. मला वाटत होतं ते चिडतील. मला ते हवं होतं. त्यांनी उठून दार लावलं आणि मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. म्हणाले, तुम्ही भल्यासाठी केलं ना, मग झालं. एका पटात एक क्रमांक खोटा म्हटलं की समिती सगळे पट उघडेल, आणि सगळे पट कसे भरलेले असतात ते तुम्हाला माहीत आहे. मुलगी प्रात्यक्षिक पुढच्या वेळी देईल, लेखी तर आत्ता देता येतंच. मग जरा थांबून विचारलं, जुलैच्या मुलाखतीचं काय ठरवलंय, कागदपत्रं सगळी जागेवर आहेत ना.

त्यांनी धमकी दिली नाही. मी हे वारंवार आठवून पाहिलं आहे. ते माझ्याशी अगदी तसं वागले, जसं मी करिष्माशी वागले होते. माझं नाव त्यांनी कुठल्याच यादीत जाऊ दिलं नाही.

आणि मी गप्प बसले. अकरा वर्षांत ज्या नोकरीनं मला कायम केलं नाही, तिच्यासाठी गप्प बसले.

यशोगाथा (दोनशे शब्दांत):
कु. करिष्मा ही ग्रामीण भागातील होतकरू

खोडलं.

यशोगाथा:
सोजराबाई नारखेडे, वय अठ्ठ्याहत्तर, खुब्याचं हाड मोडून सात महिने अंथरुणावर. पाठीला एकही जखम नाही.

हेही खोडलं. समितीला हे कळणार नाही, आणि कळलं तर ते टाळ्या वाजवतील.

पालकांशी संपर्क (दिनांक व स्वरूप):
आज. दूरध्वनी.
लेखी पेपर वीस दिवसांवर आहेत. करिष्माचं हॉल तिकीट कालच ऑफिसात आलं. तिनं लेखी पेपर दिले तर प्रात्यक्षिक पुढच्या हंगामात देऊन पदवी अजून मिळू शकते. एवढीच एक वाट उरली आहे आणि ती गोकुळभाऊंच्या दुकानातून जाते. म्हणून मी नोंदवही बाजूला ठेवली आणि ठरवलं की त्यांना खरं सांगायचं. सगळं. त्यांना धक्का बसू दे, मला शिव्या देऊ देत, प्राचार्यांकडे तक्रार करू देत. पत्रानं जे झालं असतं ते माझ्या तोंडून होऊ दे, उशिरा का होईना.

त्यांनी फोन लगेच उचलला. आवाजात आनंद होता. आई काल भिंत धरून उभी राहिली म्हणाले, चार पावलं टाकली. मी अभिनंदन केलं. मग श्वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, मी तुम्हाला फसवलं. करिष्मा वर्षभर कॉलेजला आलेली नाही. मी तिची हजेरी खोटी लिहिली. ती प्रात्यक्षिकात नापास आहे. आता लेखी पेपरला पाठवलं नाही तर तिचं शिक्षण संपलं."

पलीकडे वजनाच्या काट्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

"मले मालूम आहे ना मॅडम," ते म्हणाले. "मीच तर नाही पाठवलं तिले."

त्यांना वाटलं मला वाईट वाटतंय. मला समजावायला लागले. म्हणाले, तुम्ही मनाले लावून घेऊ नका, तुमच्यामुळं माय उभी राह्यली, हे उपकार फिटणार नाहीत. पोरगी हुशार आहे, तिचं काही अडत नाही. पेपरचं पाहू, तवा आईले एकटं सोडता आलं तर पाठवतो. नाही जमलं तर नाही.

मी विचारलं, नाही जमलं तर काय.

"तुम्ही आहा ना," गोकुळभाऊ म्हणाले.

मागे कुणीतरी साबण मागितला. त्यांनी फोन ठेवला.